एकसष्टने भाग

१

मास्तरांच्या घरात नियम असे दोनच होते आणि दोन्ही गणिताचे. एरवी शिस्तीच्या नावानं आनंदीआनंद होता. चपला वाटेल तिथे पडायच्या, दिवे जळत राहायचे, आणि मास्तरांचा चष्मा रोज कुणीतरी शोधून द्यावा लागे. पण अर्धं गणित टाकून उठायचं नाही, हा पहिला नियम. चुकलेलं गणित जिथे चुकलं तिथून पुन्हा धरायचं, हा दुसरा.

शाळेत मास्तरांनी हे नियम पोरांना वर्षानुवर्षं सांगून पाहिले, पण ते पालथ्या घड्यावर पाणी होतं. मुरले ते एकट्या लेकीत. तिला सगळे ठकी म्हणत, कारण तान्हेपणी ती लाकडी बाहुलीसारखी टक लावून बघत बसायची. फाटकाशी मैत्रिणी हाका मारत असायच्या, एक पाय उंबऱ्याकडे असायचा, तरी तिचा प्रश्न ठरलेला.

"बाबा, उठू का?"

"सुटलं?"

"सुटलं."

"ताळा जुळला?"

"जुळला."

"मग ऊठ."

ठकीची आई शाळांचे गणवेश शिवायची. गणिताशी तिचं जन्माचं वाकडं. शिवणयंत्रावरून मान वर न करता ती म्हणे, "पोरगी उद्या संसाराला लागेल आणि तिथेही सासूला विचारेल, उठू का म्हणून." यावर तिघंही हसत. घर लहान होतं, त्यामुळे कुणी हसलं तर सगळ्यांना ऐकू जायचं.

२

घर लहान असल्याचा तोटाही होता. आजारी लेकीला तपासून डॉक्टरीणबाई बाहेरच्या खोलीत आवाज दाबून म्हणाल्या, "महिना, मास्तर. फार तर सव्वा." भिंतीपलीकडे ठकीनं ते ऐकलं.

मास्तर आत आले तेव्हा ती छताकडे बघत होती. चौदा वर्षांची पोर, पण उशीत इतकी खोल गेली होती की आठ-नऊची वाटत होती.

"बाबा, महिना म्हणजे चार रविवार ना?"

मास्तरांनी तिची चादर नीट केली. मग बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं त्यांच्या हाताला जे लागलं ते त्यांनी धरलं. शाळेतून टाकून दिलेला एक फळा त्यांनी मागेच घरी आणून तिच्या पलंगासमोर लावला होता. त्यावर त्यांनी खडूनं एक संख्या लिहिली.

२१४७४८३६४७.

"दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस," ठकीनं एका दमात वाचलं. "काय करायचं हिचं?"

"एक आणि ही स्वतः सोडून, हिला निःशेष भाग जाईल अशी संख्या शोधायची. बाकी शून्य आली पाहिजे. सापडली की सुटलं."

"आणि तोवर?"

"तोवर नियम तो नियम. अर्धं गणित टाकून उठायचं नाही."

ठकीनं फळ्यावरून नजर काढून त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही उठणार."

मास्तरांना जे ठाऊक होतं ते त्यांनी तिला सांगितलं नाही. ती मूळ संख्या होती. एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणाचाच भाग जात नाही, हे पणजोबांच्याही आधीच्या काळी मोठमोठ्या डोक्यांनी पडताळून ठेवलेलं होतं. लहान मूळ संख्या ओळीनं घेत भागत जायचं म्हटलं, तर सेहेचाळीस हजारांच्या पुढेपर्यंत जावं लागतं. त्या पावणेपाच हजारांच्या आसपास भरतात. रविवारी एक धरली तर नव्वद वर्षं होतात. मास्तरांनी हा हिशेब फळ्याकडे पाठ करून मनातल्या मनात केला, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांना श्वास घेता आला.

३

पहिल्याच रविवारी तिनं तेरापर्यंतच्या सगळ्या संख्या एका बैठकीत उडवल्या. पुढे भागाकार लांबत गेले आणि ताकद कमी होत गेली, तेव्हा रविवारी एक, असं ठरलं. दुपारी मास्तर फळा पुसत, वर ती संख्या नव्यानं लिहीत. ठकी पडल्या पडल्या एकेक अंक सांगे आणि मास्तर लिहीत. शेवटी ती बाकी मोठ्यानं सांगायची, अगदी बाहेर आईला ऐकू जाईल अशी.

"सतरानं बाकी आठ!"

"बरोबर. पुढची घे."

तेवढ्यापुरतं बाहेरचं शिवणयंत्र थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. एकोणीसनं बाकी दोन आली, तेविसानं पाच, एकोणतिसानं सात. महिना उलटला. सव्वा महिना उलटला. एकतिसानं बाकी एक आली तेव्हा मास्तर खुशीत म्हणाले, "थोडक्यात चुकली गं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्तर, तुमचं औषध माझ्यापेक्षा जालीम दिसतंय." त्या दिवशी मास्तरांनी शेजाऱ्यांना बोलावून चहा पाजला.

सदतिसाच्या आठवड्यात ठकीनं खाणं सोडलं. ताट जसं आत जायचं तसं बाहेर यायचं. आजारी माणसाचं असंच असतं, मास्तर म्हणाले. एक्केचाळीसच्या रविवारी तिनं "बाकी अडतीस" सांगितलं आणि नंतर आई तिची नखं कापायला बसली. कात्री हातात घेऊन ती नुसतीच बसून राहिली.

"अहो, इकडे या जरा."

"काय झालं?"

"हिची नखं वाढलेली नाहीत."

"तू मागच्या आठवड्यात कापलीस ना?"

"तीन आठवड्यांपूर्वी कापली होती. तेव्हापासून कापायला काही नाहीच. आणि ही वेणी बघा. मी घातली तशीच आहे. एक केस सुटलेला नाही."

मास्तरांनी लेकीचा हात हातात घेतला. हात गार होता, पण दिवसही गारठ्याचे होते. अन्न नाही तर नखं कुठून वाढणार, आणि जो हलत नाही त्याची वेणी कशी विस्कटणार? प्रत्येक गोष्टीला कारण होतं. त्यांनी ती कारणं बायकोला नीट समजावून सांगितली. ती ऐकत होती, पण बघत मात्र होती उशीकडे. उशीला खळगा पडला होता, आणि डोकं उचललं तरी तो भरून येत नव्हता.

४

त्रेचाळीसच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई आल्या त्या नेहमीसारख्या चेष्टा करत आल्या. आत गेल्या. नळी छातीला लावली, मग पाठीला, मग पुन्हा छातीला. फार वेळ लावला. ठकीचे डोळे मिटलेले होते. आताशा आठवडाभर ते मिटलेलेच असत. रविवारी मास्तर खडू उचलायचे तेव्हाच ती ते उघडायची.

बाई उठल्या आणि मोरीत जाऊन हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले.

"कशी आहे?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, पुढच्या आठवड्यापासून मी येत नाही."

"म्हणजे सुधारतेय?"

बाईंनी बॅग उचलली. "मला जे ऐकायला शिकवलंय ते ऐकू आलं तर माझा उपयोग. इथे माझं काम नाही," एवढंच म्हणाल्या. फी ठेवायला मास्तर मागे गेले तर त्यांनी ती घेतलीही नाही.

नळी जुनी असेल, मास्तरांनी स्वतःला सांगितलं. बाईंनाही आता कमी ऐकू येत असेल, वयच झालंय त्यांचं. त्यांनी स्वतः लेकीच्या छातीला कान लावला. आपल्याच कानात धडधड होत होती, त्यामुळे काही कळेना. त्यांनी कान काढून घेतला आणि पुन्हा कधी लावला नाही.

रविवारी ठकी म्हणाली, "सत्तेचाळीसनं बाकी वीस." आवाज स्वच्छ होता. पुढच्या रविवारी त्रेपन्नानंही बाकी वीसच आली. अंक सांगताना पूर्वी ती मध्ये दम घ्यायला थांबायची. आता थांबत नव्हती. मास्तरांना ते सुधारल्याचं लक्षण वाटलं, आणि त्याच वेळी त्यांच्या मानेवर काटा आला.

त्या दिवशी पहिल्यांदाच, बाकी सांगून झाल्यावर ती पुढे बोलली.

"बाबा, उठू का?"

"सुटलं का?"

"नाही."

"मग?"

"नाही, नुसतं विचारलं." थोड्या वेळानं म्हणाली, "खूप थकले हो बाबा मी. इथे कुणी झोपूच देत नाही."

"कुणी गं?"

"ती," ठकी फळ्याकडे बघत म्हणाली.

५

एकोणसाठच्या रविवारी बाकी चोपन्न आली. मास्तर "बरोबर, पुढची घे" म्हणाले आणि बाहेर येऊन बघतात तर शिवणयंत्रावर झाकण होतं. ठकीची आई खुर्चीत सरळ बसली होती.

"मला एक सांगा. मला गणित कळत नाही, पण खरं खोटं कळतं. हे कधी सुटणार आहे?"

मास्तर हाताला लागलेला खडू झटकू लागले.

"अहो, मी विचारतेय."

"सुटणार नाही," मास्तर म्हणाले. "सुटणारं नाहीच आहे ते."

आता ही ओरडेल असं त्यांना वाटलं. ती ओरडली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे लेकीला खुंट्याला बांधून ठेवलंत."

"अगं, ती आहे. आपल्यासमोर आहे. बोलते."

"बोलते. आठवड्यातनं एकदा बोलते. आणि बाकीचे सहा दिवस मी तिथे बसते, तुम्ही शाळेत असता. मला विचारा तिथे काय असतं ते. माशी बसते तिच्या पापणीवर. पापणी हलत नाही हो." तिचा आवाज फाटला. "मी आई आहे तिची. मला काय नको झालीय ती? पण सोडा तिला. तुमच्या पाया पडते, सोडा."

मास्तरांनी त्या आठवड्यात शाळेत शिकवलं ते कसं शिकवलं, देव जाणे. नुसतं "सुटलं, ऊठ" म्हणून भागणार नव्हतं. ठकी अशी फसणारी नव्हती. ती ताळा बघितल्याशिवाय जागची हलत नसे. तिचा ताळा मास्तरांनीच शिकवलेला, नवाचा. संख्येतल्या अंकांची बेरीज करायची, एकच अंक उरेपर्यंत करत राहायची. भाजक आणि भागाकार यांचंही तसंच करायचं, गुणायचं आणि दोन्हीकडे तोच अंक येतो का बघायचं.

पण या ताळ्याला एक भोक आहे, आणि ते गणिताच्या मास्तराइतकं कुणाला ठाऊक नसतं. शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले तर बेरीज तीच राहते. ताळा जुळतो आणि गणित मात्र चुकलेलं असतं. त्यांनी वर्षानुवर्षं वर्गात घसा कोरडा केला होता, "गाढवांनो, ताळा जुळला म्हणजे झालं असं नाही, अंक उलटे पडलेत का ते बघा!"

शिक्षकांच्या खोलीत, मधल्या सुट्टीत, त्यांनी पुढची मूळ संख्या घेतली, एकसष्ट. आधी खरा भागाकार केला. बाकी आली अठ्ठावन्न. मग शेवटून दुसरा आणि तिसरा अंक उलटले, सहाशे सत्तेचाळीसचे चारशे सदुसष्ट केले, आणि भागलं.

बाकी शून्य.

पहिल्याच फटक्यात. दुसरी एकही जोडी उलटून बघावी लागली नाही. त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण कुणीतरी ती जागा आधीच करून ठेवल्यासारखी वाटली. त्यांनी कागद फाडून तुकडे खिशात घातले. घंटा झाली तरी ते तसेच बसून होते.

६

रविवारी दुपारी त्यांनी फळा पुसला. हातात खडू धरून उभे राहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी फळ्यावर जाणूनबुजून एकही अंक चुकीचा लिहिला नव्हता. दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि लिहिलं.

२१४७४८३४६७.

ठकीनं डोळे उघडले. फळ्याकडे बघितलं. ही संख्या ती झोपेत म्हणू शकली असती. दर रविवारी, महिनोन् महिने, तेच दहा अंक. मास्तर तिच्याकडे पाठ करून उभे होते. दाराशी आई येऊन उभी राहिली होती, तिच्या बांगड्यांचाही आवाज नव्हता.

"एकसष्ट," अखेर ठकी म्हणाली. "एकसष्ट त्रिक त्र्याऐंशीशे..." ती थांबली आणि हसली. "चुकले. एकशे त्र्याऐंशी."

किती दिवसांनी चुकली होती पोर! मास्तरांच्या डोळ्यांसमोर फळा पुसट झाला. ती अंक सांगत गेली आणि ते लिहीत गेले. तीन. पाच. दोन. शून्य. चार. सहा. चार. शेवटी चारशे सत्तावीस उरले.

"एकसष्ट साती चारशे सत्तावीस," ठकी म्हणाली. "बाकी शून्य."

मास्तर खडू खाली ठेवायला गेले.

"थांबा, ताळा." तिनं हळूहळू बेरजा केल्या. संख्येचा एक. एकसष्टाचे सात. भागाकाराचे चार. "सात चोक अठ्ठावीस, दोन आणि आठ दहा, एक. जुळला." मग ती फळ्याकडे न बघता थेट मास्तरांकडे बघत म्हणाली, "बाबा, ताळा जुळला."

तिला कळलं होतं. मास्तरांनी मान वर केली आणि तिच्या नजरेत त्यांना ते दिसलं. एखादं लहान मूल आपल्याला खोटं बोलताना पकडतं आणि आपल्यालाच सांभाळून घेतं, तशी ती बघत होती.

"आता उठू का?"

आईनं तोंडात पदर कोंबला.

"ऊठ, बाळा," मास्तर म्हणाले. "ऊठ."

उशीतला खळगा हळूच भरून आला. डोकं अजून उशीवरच होतं, पण त्याचं वजन गेलं होतं. मग मास्तर पलंगाशी खाली बसले आणि ढसाढसा रडले. ठकीची आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "बरं केलंत," ती पुनःपुन्हा म्हणत होती. "बरं केलंत हो."

७

ठकीला स्मशानात पोचवून आल्यावर पुढचे दिवस माणसांचे होते. आले, बसले, गेले. ठकीच्या खोलीचं दार कुणीतरी नुसतं लोटून ठेवलं होतं. फळा पुसायचा धीर मास्तरांना झाला नाही.

मग रविवार आला. घरात दोघंच होते. काहीतरी करायला हवं म्हणून ठकीच्या आईनं यंत्रावरचं झाकण काढलं होतं आणि ती कुठल्याशा शाळेच्या सदऱ्याला बाही जोडत होती. मास्तर समोर उत्तरपत्रिका घेऊन बसले होते. एकही तपासून झाली नव्हती. पण घरात शांतता होती आणि ती शांतता वाईट नव्हती. दुःख होतं, पण ते नेहमीचं, माणसांना होतं तसं दुःख होतं. आपली लेक आता झोपली असेल, एवढा एकच विचार मास्तर मनात घोळवत होते.

"एकसष्टनं बाकी अठ्ठावन्न."

आवाज आतून आला. मोठ्यानं, बाहेर आईला ऐकू जाईल असा.

शिवणयंत्र थांबलं.

मास्तरांनी टेबलाची कड घट्ट धरली. भास होता. मन म्हातारं झालं की असे खेळ करतं. पण अठ्ठावन्न ही खरी बाकी होती, आणि ती त्यांनी जगात कुणालाही सांगितली नव्हती. त्यांनी मान वळवली. लोटलेल्या दाराला बोटभर फट होती आणि तिच्यातून फळ्याचा उजवा कोपरा दिसत होता. शेवटचे तीन अंक. त्यांतल्या पहिल्या दोन जागी कुणीतरी तळहातानं पुसल्यासारखा पांढरा फराटा होता, आणि त्यावर लिहिलेलं होतं ६४७.

चुकलेलं गणित जिथे चुकलं तिथून पुन्हा धरायचं. मास्तरांचाच नियम.

त्यांनी ओठ आवळून धरले. बोलायचं नाही. बरोबर म्हणायचं नाही. आपण उत्तर दिलं नाही तर ती थोडा वेळ वाट बघेल, मग कंटाळून झोपेल. लहानपणी असंच झोपायची. एवढं तरी बाप म्हणून आपल्याला करता आलंच पाहिजे. आत ती थांबली होती. वाट बघत होती. बाहेर दोघांचेही श्वास ऐकू येत होते, आणि मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते बोलले नाहीत.

त्यांनी आधारासाठी बायकोकडे पाहिलं. सोडा तिला म्हणून पाया पडलेली ती बाई. जिला पाढे येत नव्हते, अठ्ठावन्न बरोबर की चूक हे जिला मरेपर्यंत कळलं नसतं. तिच्या हातात तो अर्धा शिवलेला सदरा तसाच होता. ती दाराकडे बघत होती, आणि शेवटचे कित्येक महिने न दिसलेलं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं होतं.

"बरोबर," ती म्हणाली. मग पुन्हा, दारापलीकडे नीट ऐकू जाईल असं म्हणाली, "बरोबर, बाळा. पुढची घे."

मास्तरांनी तिला अडवलं नाही. पुढची सदुसष्ट होती.